कावीळ झाली असं सांगण्याचा खर्च

ऑफिसात कावीळ सांगितली होती. दारू सोडवायला ॲडमिट होतोय हे सांगायची छाती नव्हती, आणि पाच आठवड्यांची रजा बसेल असा दुसरा आजार बायकोला सुचला नाही. डोळे पिवळट होतेच, त्यामुळे कावीळ सोयीची वाटली.

पण कावीळ म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण वैद्य. चुलतभावाने कुठल्याशा गावाहून पानात बांधून झाडपाला आणला. त्याचे आणि गाडीभाड्याचे मिळून बाराशे त्याला द्यावेच लागले. ऑफिसातले दोघे उसाचा रस घेऊन घरी आले. मी घरात नाही म्हटल्यावर बायकोने मुंबईच्या हॉस्पिटलचं सांगितलं, तर एक जण मुंबईला भेटायला निघाला. त्याला थांबवायला तीन फोन आणि आणखी दोन थापा. परत आल्यावर सहा महिने मला चारचौघांत भजी खाता आली नाहीत.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलं. सवयीने दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा सगळा खर्च एका वहीत मांडला होता. वर्षअखेरीला बेरीज केली. केंद्राची फी बाजूला ठेवली, तर उरलेल्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा बरं होण्यावर गेलाच नव्हता, लपवण्यावर गेला होता. ज्यांच्या घरात आज हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी ती वही पुन्हा उघडतो.

पहिलं पाऊल फुकट आहे. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक. फोन घरच्यांनीही करता येतो, पिणाऱ्यानेच केला पाहिजे असं नाही. दुसरा पत्ता जिल्हा रुग्णालयाचा. तिथल्या मनोविकार विभागात हेच काम चालतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमधले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. तरीही आम्ही गेलो कुठे? दुसऱ्या जिल्ह्यातल्या खासगी डॉक्टरकडे. जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर, ही भीती. पाच चकरा, दर वेळी तपासणी फी, गाडीत पेट्रोल. वहीत हा सगळा खर्च मी ‘औषधोपचार’ या सदरात लिहिला होता. नंतर खोडून ‘लपवणे’मध्ये टाकला.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नका. रोज सकाळी उठल्यापासून पिणारा माणूस घरच्यांनी खोलीत कोंडून अचानक थांबवला, तर हात थरथरण्यावर भागत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस बरळतो, आणि यात जीवही जातो. त्याला काही दिवस औषधं लागतात, थायमिन लागतं, कोणी तरी नाडी बघणारं लागतं. देवाची शपथ घालून सोडवण्याचा आमच्या घरचा पहिला प्रयोग आयसीयूत संपला होता. त्या तीन दिवसांचं बिल पुढच्या पाच आठवड्यांच्या फीपेक्षा मोठं आलं.

आता केंद्राचं. केंद्र सरकारच्या अनुदानावर संस्था चालवतात ती पुनर्वसन केंद्रं गरिबांसाठी मोफत असतात. त्यानंतर येतात देणग्यांवर आणि माफक फीवर चालणाऱ्या जुन्या संस्था. पुण्याचं मुक्तांगण यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. एवढ्या एका शब्दाने काय होतं ते, दहा वर्षं ‘बेवडा’ ऐकलेल्यालाच कळेल. आणि वरच्या टोकाला बाग, एसी खोली आणि महिन्याला लाखाच्या पुढे जाणारी फी अशी खासगी केंद्रं. फी आणि गुण यांचा थेट संबंध मला तरी दिसला नाही. जास्त पैसे मोजले की गुप्तता जास्त मिळेल, असं वाटून लोक कर्ज काढतात. गुप्तता मात्र सगळीकडे सारखीच मिळायला हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती हा आजारच आहे, आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं हे केंद्राचं बंधन आहे. रजेसाठी दाखला मागताना ‘वैद्यकीय उपचार चालू होते’ एवढंच लिहून द्या, असं सांगता येतं. हे मला तेव्हा माहीत असतं, तर कावीळ लागली नसती.

पैसे भरण्याआधी केंद्र बघून या, आणि बघताना फक्त स्वयंपाकघर आणि गाद्या बघू नका. कायद्याखालची नोंदणी आहे का ते विचारा. कागद भिंतीवर लावलेला असतो, नसला तर दाखवा म्हणा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण बघतं? रक्ताच्या तपासण्या, औषधं, साबण-तेल फीमध्ये धरलंय की वेगळं? पेशंट मधेच निघाला तर पैसे परत किती? घरच्यांना भेटू देतात का, एकट्याने बोलू देतात का? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे माणूस ठेवू नये. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ म्हणणाऱ्या एका ठिकाणी आमच्या ओळखीतला मुलगा होता. सुटून आला तेव्हा पाठीवर वळ होते, आणि घरच्यांनी ‘डिपॉझिट’ म्हणून भरलेल्या रकमेची पावतीसुद्धा नव्हती. पोलिसात जा म्हटलं, तर वडील म्हणाले, मग सगळ्या गावाला कळेल ना. असल्या केंद्रांचा धंदा नेमका याच वाक्यावर चालतो.

‘आम्ही येऊन उचलून नेतो, गाडीचे वेगळे’ असंही काही जण सांगतात. चार आडदांड माणसं पहाटे येतात आणि झोपेतल्या माणसाला गाडीत कोंबतात. हे कायद्यात बसत नाही. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढाला निघायचं म्हटलं की निघता येतं. फार तर चोवीस तास थांबवून तपासता येतं. इच्छेविरुद्ध दाखल करायचं, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्र तपासणी लागते, आणि तीही सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच. साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे.

ब्राउन शुगर किंवा एमडीच्या घरांत भीती आणखी वेगळी असते: केंद्रात नेलं तर पोलीस केस होईल. थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-ए अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. आधी वकिलाला विचारा, पण भीतीपोटी घरी बसू नका.

विम्याच्या भरवशावर मी राहिलो आणि पडलो. २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमा संरक्षण द्या. पण पॉलिसीच्या न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत बाराव्या क्रमांकाचं प्रमाणित कलम असतं: दारू, ड्रग्ज किंवा कोणत्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम. एजंट ते वाचून दाखवत नाही. ‘परिणाम’ या शब्दात यकृत आणि स्वादुपिंडाचं दुखणंही ओढलं जाऊ शकतं, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी पॉलिसीचं ते पान काढून कंपनीला लेखी विचारा. नवी पॉलिसी घेताना दारूची माहिती दडवण्याचा मोह होतो. दडवलेलं दाव्याच्या वेळी केसपेपरमधून निघतं आणि भरलेले हप्ते पाण्यात जातात. व्यसनमुक्तीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवावेत, हे बरं.

घरी आल्यानंतरचा औषधखर्च ऐकायला वाटतो तेवढा मोठा नाही. डायसल्फिराम स्वस्त गोळी आहे. नाल्ट्रेक्झोन आणि अकाम्प्रोसेट महाग पडतात. जेनेरिक विचारा. अधूनमधून यकृताची तपासणी. डायसल्फिराम चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. म्हणून ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं. त्या पुडीत काय आहे ते विकणाराही सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी माझ्या आमटीत अशी पुडी घातली होती. पुडीचे साडेतीन हजार. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनीही कोणाला न विचारता, कोणाला न सांगताच ती आणली होती. गोळीवर असताना खोकल्याचं औषध आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टंसुद्धा जपून घ्यायची. द्राक्षासवात मद्यार्क असतो, हे मला फिजिशियनने नव्हे, तर मिटिंगमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलं.

मिटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, एए. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवण्यातून ती सुरू झाली. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो टाकतो. नवा माणूस टाकत नाही, टाकूही देत नाहीत. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळी. तर या फुकटच्या मिटिंगवर पहिल्या वर्षी माझे सर्वांत जास्त पैसे गेले.

त्याचं असं झालं. आमच्या शहरात मिटिंग होती, शाळेच्या एका वर्गात, घरापासून चालत बारा मिनिटं. पण त्या शाळेचा शिपाई आमच्या गल्लीतला. म्हणून मी आठवड्यातून दोनदा शेजारच्या तालुक्याला जायचो, एसटीने पन्नास किलोमीटर. जाऊन-येऊन पावणेदोनशे, शेवटची गाडी चुकली तर वडाप, कधी लॉज. सात महिने हे केलं. गावांची नावं सांगत नाही, आमच्यात तसा रिवाज नाही. सातव्या महिन्यात त्या परगावच्या मिटिंगमध्ये नवा माणूस आला, मान खाली घालून मागच्या बाकावर बसला. मान वर केली तर आमच्याच गल्लीतला, चौथं घर. तोही गाव टाळून आलेला. आम्ही दोघं इतके हसलो की शेअरिंग थांबवावं लागलं. परतीच्या एसटीत त्याने सांगितलं की माझ्या काविळीवर त्याचा कधीच विश्वास बसला नव्हता. गल्लीत कोणाचाच नव्हता.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही तरी उपचार मिळाल्याचं त्यात निघालं. उरलेल्या सदतीस घरांत कोणकोणते आजार सांगितले जात असतील याची मला बरीच कल्पना आहे.

जमेची बाजूही मांडू. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचा कर वाढवला, तेव्हा साध्या विदेशी क्वार्टरचा किमान भाव २०५ रुपये झाला आणि देशीचा ८०. माझं रोजचं प्रमाण दोन क्वार्टर. आजच्या भावाने दिवसाचे ४१०, महिन्याचे १२,३००, वर्षाचे दीड लाखाला साडेतीनशे कमी. यात चकणा, उधारीवरच्या दोस्तांचे पेग, पडलेली गाडी, हरवलेले तीन मोबाइल धरलेले नाहीत. पण हे वाचलेले पैसे हातात खेळतील या भ्रमात राहू नका. पहिल्या वर्षी ते देणेकऱ्यांचे असतात. यादी करा, व्याजाचं आधी, हातउसनं नंतर, आणि सगळ्यांना एकदम फेडायच्या फंदात पडू नका. मी पडलो, हात रिकामा झाला आणि त्या चिडीत नवव्या महिन्यात पुन्हा प्यालो, आमच्या भाषेत स्लिप झाली. दोन दिवसांची. त्यासाठी पुन्हा डॉक्टर, पुन्हा सुट्टी. तेव्हा हिशेबात एका स्लिपची तजवीज ठेवा. आली नाही तर पैसे उरतील. एटीएम कार्ड दीड वर्ष बायकोकडे होतं, माझ्या खिशात रोज पन्नास रुपये. यात अपमान वाटला का? वाटला. पन्नासात क्वार्टर येत नाही, हेही कळत होतं.

सणांचं वेगळं लिहायला हवं. गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर, आणि भावकीतल्या हळदीची रात्र. ‘एकाने काय होतं’ म्हणणारा प्रत्येक हळदीत असतोच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी बायको-मुलांना घेऊन बाहेरगावी पळालो, चार सहलींचे पैसे गेले. दुसऱ्या वर्षी हळदीत उभं राहून स्पष्ट सांगितलं: मला आजार आहे, मी घेत नाही. मंडळी क्षणभर गप्प झाली, मग एकाने थम्सअपची बाटली पुढे केली. वीस रुपये, त्यानेच दिले. घरी निघताना मेव्हण्याच्या मित्राने कोपऱ्यात गाठून विचारलं, ते केंद्र नेमकं कुठेय हो.

आता मी शाळेच्या वर्गातल्या मिटिंगलाच जातो, चालत. शिपाई दार उघडून देतो, पंखा लावतो, कधी कधी दाराबाहेर बसून ऐकतो. चहाची पाळी आळीपाळीने असते. गेल्या गुरुवारी माझी होती: दूध, साखर, पत्ती आणि शेजाऱ्याने सांगितलेली खारी, एकशे चाळीस रुपये. पावती नाही, पण वहीत लिहिलंय. ‘लपवणे’ या सदराखाली मात्र अडीच वर्षांत एक ओळ पडलेली नाही.