हिशेब मोठ्यानं वाच

पोरी, गटाची अध्यक्ष झालीस, फार बरं वाटलं. आता पहिल्या बैठकीच्या आधी तुझ्या या आत्याचं थोडं ऐकून घे. माझा अर्धा जन्म बचत गटात गेला. तालुक्याला मेळावे झाले, मोठमोठी भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या. पण आमच्या गटातल्या कुणी शेळ्या घेतल्या, कुणी पोरीला नर्सिंगला घातलं, कुणी गहाण पडलेलं रान सोडवलं, ते त्या भाषणांमुळे नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला सतरंजी पसरली जायची, पैसे सगळ्यांदेखत मोजले जायचे आणि हिशेब मोठ्यानं वाचला जायचा. त्यातून बायकांना एकमेकींचा आणि स्वतःचाही भरवसा आला. तुला हेच सांभाळायचं आहे.

पंचसूत्री तुला पाठ असेलच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, अद्ययावत हिशेब. उमेद अभियानाच्या ताईंनी त्यात आरोग्य, शिक्षण अशी आणखी सूत्रं घालून दशसूत्री केली, तीही चांगली. पण पहिली पाच ढिली पडली की पुढची पाच नुसती भिंतीवर राहतात.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरव, उमेदच्या ताईंच्या किंवा तुझ्या सोयीनं नको. कुणाला धारा काढायच्या असतात, कुणाला दुपारी नळाचं पाणी भरायचं असतं. एकदा वेळ ठरली की चारच जणी आल्या तरी हजेरी सुरू कर. उशिरा येणारीची वाट पाहिलीस तर वेळेवर येणारीला तू शिक्षा दिल्यासारखं होतं, आणि पुढच्या महिन्यात तीही उशिरा येते. उशिराचा दंड पाच रुपये असो की दहा, तो सगळ्यांनी मिळून ठरवावा आणि पहिल्यांदा तुला उशीर झाला तर तू तो न मागता सतरंजीवर ठेवावास.

क्रम मोडू नकोस. आधी हजेरी, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, मग बचत, मग हप्ते, आणि सगळ्यात शेवटी नव्या कर्जाची मागणी. हे उगाच नाही. परतफेडीचे पैसे आधी सतरंजीवर पडले की आज वाटायला किती आहेत हे प्रत्येकीला दिसतं. मग जिला कर्ज मिळालं नाही ती, अध्यक्षानं अडवलं, असं म्हणत नाही. पैसे तू मोजू नकोस, सचिवानंही नको. दर वेळी दोन वेगळ्या बायकांना मोजायला बसव. मग आकडा मोठ्यानं सांग. जिला अक्षर येत नाही तिलाही आकडा कळतो, आणि तिच्या लक्षात तो आपल्यापेक्षा पक्का राहतो.

अक्षर न येणाऱ्या बाईला कधी कमी लेखू नकोस. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुझ्या गटात जरूर सांग. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका गप्प बसल्या नाहीत. गावात शिकायचे वर्ग सुरू झाले, आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या लोकांना ते यंत्राशिवाय काढायला सांगा, असं त्यांनी सांगितलं. 1997 साली बँक सुरू झाली. माण तालुका दुष्काळी, बायका मोलमजुरीच्या. त्यांनी आपल्याजवळ जे होतं ते पुढे केलं, ते म्हणजे तोंडी हिशेब.

म्हणून तुझ्या गटात प्रत्येकीला व्याज काढता आलं पाहिजे. हे शिकवायला एक अख्खी बैठक गेली तरी चालेल. खडू घे आणि फरशीवर मांड. दहा हजारांचं कर्ज, व्याज शेकडा दोन रुपये महिना, मुद्दल महिन्याला एक हजार परत. पहिल्या महिन्याला व्याज 200, कारण मुद्दल 10,000. दुसऱ्या महिन्याला मुद्दल 9,000 उरलं, व्याज 180. असं उतरत उतरत दहाव्या महिन्याला 20. सगळं मिळून 1,100 रुपये. आता तेच व्याज दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवर धरलं तर 2,000 होतात. नऊशे रुपयांचा फरक. हा फरक जिला एकदा दिसला तिला गावात येणारा कुठलाही फायनान्सवाला सहजासहजी फसवू शकत नाही. आणि गटाचं व्याज गटातच राहतं, वर्षाअखेरी ते आपलंच असतं, हेही त्याच दिवशी सांग.

आता अवघड गोष्ट. तू गावची सून. गटात तुझी चुलतसासू आहे, शेजारच्या वाड्यातल्या थोरल्या काकू आहेत, तुझ्या नवऱ्याला ज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्या बायका आहेत. त्यांच्यासमोर पदर सावरून बसायचं आणि त्यांनाच हप्ता मागायचा, हे कसं जमायचं? जमतं. बैठकीआधी दोन दिवस त्यांच्या घरी जा, खाली बस, चहा घे आणि विचार, काकू, या वेळी काय अडचण आहे का? थकबाकी असेल तर ती घरात बोल. सतरंजीवर मात्र नाव आणि आकडा सगळ्यांचा सारखाच वाचायचा, चुलतसासूचा आवाज खाली घेऊन वाचायचा नाही. मान राखायचा तो बोलण्यात, आकड्यात नाही. थोरल्या बायकांना हे पटकन कळतं. घर चालवताना त्यांनीही हेच केलेलं असतं. उलट तू त्यांना वगळून हिशेब केलास तर त्यांनाच ते लागेल.

खुर्चीवर बसू नकोस. गोलात बस, आणि दर वेळी वेगळ्या जागी. कर्ज कुणाला द्यायचं यावर तू शेवटी बोल. अध्यक्ष आधी बोलली की बाकीच्या माना हलवतात आणि मग ओढ्यावर खरं बोलतात. जी कधीच बोलत नाही तिला नाव घेऊन विचार, आणि विचारल्यावर थांब. ती पदराशी चाळा करेल, दुसऱ्या तिच्यासाठी उत्तर द्यायला लागतील. त्यांना हातानं थांबव. दोन-तीन बैठका असं गेलं की ती आपणहून बोलते. गटाची ताकद मला याच्यात दिसली, बँकेच्या शिलकीत नाही.

कर्ज देताना कशाला हवंय, एवढंच विचारून थांबू नकोस. परत कुठल्या पैशातून येणार हेही विचार. दुधाचं पेमेंट दहा दिवसांनी येतं, तिचा हप्ता महिन्याला चालतो. सोयाबीनवाल्या बाईचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, तिला दर महिन्याला मुद्दल मागशील तर ती ते दुसरीकडून उसनं आणून भरेल आणि तुझ्या वहीत सगळं ठीक दिसेल. ऊसतोडीला जाणारी दिवाळीनंतर घर सोडते ती उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही. तिची बचत आणि हप्ता कोण आणून देणार, हे ती गाडीत बसण्याआधी ठरलं पाहिजे. दवाखान्यासाठी मागणी आली तर रात्री-अपरात्रीही चार जणींना उठवून निर्णय घ्या. आणि हल्ली एक प्रश्न विचारायलाच हवा: घरावर आठवड्याच्या हप्त्याचं दुसरं कुठलं कर्ज आहे का? प्रेमानं विचार, पण विचार. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांची झोप उडालेली असते आणि घरात कुणाला माहीतही नसतं.

हप्ता थकला तर घोळका घेऊन दारात जायचं नाही, भांडीकुंडी उचलायची भाषा करायची नाही. तू आणि आणखी एक, दोघीच जा. पहिला चुकलेला हप्ता बहुतेक वेळा आजारपणाचा किंवा दारूचा असतो, बाईची नियत खोटी नसते. हप्ता अर्धा करून दे, मुदत वाढव, पण ते सगळं ठरावात लिहून. तोंडी सूट दिलीस की दुसरी बाई विचारते, मला का नाही?

तुझ्या स्वतःच्या वळणाबद्दल थोडं कडक बोलते. गटाचे पैसे घरच्या डब्यात एका रात्रीसाठीही मिसळायचे नाहीत. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सही करायची नाही, सचिव तुझी सख्खी बहीण असली तरी नाही. नवरा किंवा दीर दोन दिवसांसाठी म्हणून मागेल. त्याला सांग, हे माझे नाहीत, बैठकीत मागणी येऊ दे. एकदा ठामपणे सांगितलंस की पुन्हा विचारत नाहीत. कुणी किती कर्ज काढलं हे गिरणीवर, पाणवठ्यावर तोंडातून निघता कामा नये. बैठक झाली की त्याच संध्याकाळी वही पुरी कर, स्वयंपाक थोडा उशिरा झाला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या हिशेबात चूक राहतेच. आणि पहिलं कर्ज तू घेऊ नकोस. सगळ्यांचं एकदा फिरून झालं की मग मागणी कर, तेव्हा तुझ्या मागणीवर कुणी कुजबुजत नाही.

बायकांनी मनात काय धरलंय ते वर्षाच्या पहिल्या बैठकीत विचार आणि प्रत्येकीच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिही. नुसतं 'परिस्थिती सुधारायची' असं लिहू नकोस. शिलाई मशीन, किती रुपयांची, कधीपर्यंत. बारा जणींनी महिन्याला दोनशे टाकले तर महिन्याचे 2,400, वर्षाचे 28,800. मशीन, दोन शेळ्या, पोराची फी, कुणाचं कधी बसतं ते सगळ्या मिळून मांडा. एकदा पानावर तारीख लिहिली की शेजारीण विचारते, मशीनचं कुठवर आलं गं? ते विचारणं फार कामाला येतं. एकटीनं ठरवलेली गोष्ट लग्नसराईत विरून जाते.

गटाचा धंदा काढायचा झाला तर प्रशिक्षणात जे शिकवलं तेच सगळ्यांनी करायला घेऊ नका. पाच गटांनी एकाच बाजारात पापड मांडले तर पाचही रिकाम्या हातानं येतात. आधी आठवडी बाजारात बसून बघ काय उठतं. लिज्जत पापडाची सुरुवात मुंबईच्या गिरगावातल्या सात बायकांनी 1959 साली, ऐंशी रुपये उसने घेऊन केली. पहिल्या दिवशी चारच पाकिटं पापड होते, आणि ते भुलेश्वरमधल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि हिशेब चोख ठेवला. आज लोक त्यांचा पसारा बघतात. तू त्या चार पाकिटांकडे बघ, आणि गिऱ्हाईक ओळखीचं होतं याकडे.

बँकेत जाताना घाबरू नकोस. 1992 साली नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडून पाहायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटाला तारण न घेता कर्ज देण्याची वाट पडली. बाईच्या नावावर सातबारा नसतो हे बँकेलाही ठाऊक आहे. साहेब तुझ्या साडीकडे नाही, रजिस्टरकडे बघणार: बैठका सलग आहेत का, हजेरी किती, हप्ते फिरतात का. पण तू एकटी जाऊ नकोस. दर वेळी एका नव्या बाईला बरोबर ने आणि स्लिप तिला भरू दे. रांगेत वेळ जाईल, जाऊ दे.

कारण तुलाही कधीतरी उतरायचं आहे. दोन-तीन वर्षांनी पदाधिकारी बदलायचे असं आत्ताच ठरावात घाल, सगळ्यांचं तुझ्यावर प्रेम असताना. पुढे घालायला गेलीस की ते कुणाच्या तरी रागातून घातल्यासारखं वाटतं. आणि शेवटचं वर्ष असेल तेव्हा बैठक दुसरीला चालवायला दे, तू नुसती हजेरी लावून बस. ती क्रम चुकली तर लगेच टोकू नकोस, बैठक संपल्यावर सांग. बदलाच्या महिन्यात ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि कागदपत्रं घेऊन त्यांच्याबरोबर बँकेत जा, सह्या बदलून घे, शिक्का आणि चेकबुक सगळ्यांदेखत दे आणि दिल्याची नोंद इतिवृत्तात तुझ्या हातानं लिही. त्यानंतर तुझा हप्ता थकला तर तोही नव्या अध्यक्षानं मोठ्यानं वाचावा, असं तिला आधीच सांगून ठेव.