व्रणवस्तूवरील गर्भ : निदान, उपचार आणि पुढील गर्भधारणा

व्रण भरून आला तरी त्याची व्रणवस्तु देह असेपर्यंत नष्ट होत नाही, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. सिझेरियननंतर गर्भाशयावर राहणाऱ्या व्रणवस्तूस हे तंतोतंत लागू पडते. पुढील गर्भ क्वचित याच जागी रुजतो. गर्भाशयात असूनही तो अस्थानी असतो. ही अवस्था विरळ असली तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील १७.२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले आहे. त्यामुळे असा रुग्ण आपल्या चिकित्सालयात येण्याचा संभव वाढला आहे.

काही वर्षांपूर्वी २९ वर्षांची एक रुग्णा माझ्याकडे आली. शेवटच्या पाळीपासून सात आठवडे झालेले, अल्प रक्तस्राव, वेदना नाही. गर्भस्रावाची शंका धरून मी गर्भस्थापक योजना लिहावयास घेतली. पूर्वीची प्रसूती कशी झाली हे विचारले ते अगदी शेवटी. सिझेरियन झाल्याचे कळताच योनिमार्गे सोनोग्राफी करविली. गर्भकोष जुन्या व्रणात होता आणि तो व मूत्राशय यांमधील स्नायूचा थर अत्यंत पातळ होता. रुग्णेस त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तो प्रश्न राहून गेला असता, तर माझे औषध घेत ती पंधरा दिवस घरी बसली असती. त्या दिवसापासून तो प्रश्न मी प्रथम विचारतो.

निदान
अल्प रक्तस्राव किंवा ओटीपोटात मंद वेदना एवढीच लक्षणे असतात. कित्येक रुग्णांत तीही नसतात. म्हणून पूर्वी सिझेरियन झालेल्या प्रत्येक गर्भिणीची सहाव्या-सातव्या आठवड्यात योनिमार्गे सोनोग्राफी करवावी. गर्भाशयाची पोकळी व ग्रीवा रिकामी, गर्भकोष पुढील भिंतीत व्रणाच्या जागी, ही निदानाची खूण होय. ‘गर्भकोष खाली आहे’ एवढाच अहवाल आल्यास समाधान मानू नये.

उपचार
गर्भाचे ठोके चालू असले तरी गर्भ वाढू देण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही. गर्भाशय फाटणे, तीव्र रक्तस्राव आणि अपरा भिंतीत खोलवर रुजणे हे धोके असतात. प्रसंगी गर्भाशय काढावे लागते. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली गर्भ शोषून काढणे, शस्त्रक्रियेने गर्भ काढून व्रण पुन्हा शिवणे किंवा गर्भकोषात मेथोट्रेक्झेट देणे, यांतून तज्ज्ञ निवड करतात. केवळ स्नायूत मेथोट्रेक्झेट देऊन थांबणे पुरेसे मानले जात नाही. नुसते क्युरेटिंगही टाळतात. व्रणातील तंतुमय ऊतीस आकुंचन पावून रक्त थांबविता येत नाही. नंतर रक्तातील बीटा एचसीजी शून्यवत होईपर्यंत तपासावे लागते.

वैद्य व औषधविक्रेते यांनी काय टाळावे
१. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ नुसार गर्भपात करण्याचा अधिकार आपणांस नाही. या अवस्थेत गर्भपाताच्या गोळ्या प्राणघातक रक्तस्राव घडवू शकतात. औषधविक्रेत्यांनी त्या चिठ्ठीविना कदापि देऊ नयेत.
२. मेथोट्रेक्झेट चालू असताना फॉलिक ॲसिडयुक्त टॉनिक देऊ नये. ‘बाळंतिणीचे औषध’ म्हणून सहज मागितली जाणारी दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टेही टाळावीत. त्यांत मद्यांश असतो व मेथोट्रेक्झेटचा यकृतावर भार पडतो. वेदनाशामक गोळीही तज्ज्ञांना विचारूनच द्यावी.
३. उपचारकाळात व व्रण भरेपर्यंत उत्तरबस्ती वर्ज्य समजावी.

बीटा एचसीजी सामान्य झाल्यावर व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संमतीने आपले कार्य सुरू होते : अग्निदीपन, रक्तक्षयाची पूर्ती, हलका पौष्टिक आहार, विश्रांती आणि धीर देणे. व्रणवस्तु नाहीशी करणारे औषध आपल्याकडे नाही. तसा दावा करू नये.

पुढील गर्भधारणा
गर्भाशय वाचले असल्यास अनेक स्त्रियांना पुढे नैसर्गिक गर्भधारणा होते, हे दांपत्यास आवर्जून सांगावे. मात्र तीच अवस्था पुन्हा उद्भवू शकते, अपरा भिंतीत रुजण्याचा धोकाही राहतो, हेही लपवू नये. मेथोट्रेक्झेटनंतर किमान तीन महिने गर्भनिरोधन आवश्यक आहे. अनेक तज्ज्ञ एकूण वर्षभर किंवा अधिक अंतर सुचवितात. गर्भधारणेपूर्वी व्रणाची जाडी तपासून घ्यावी. फार पातळ असल्यास तज्ज्ञ दुरुस्तीचा विचार करतात. ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चतुष्टयातील क्षेत्राची ही परीक्षाच होय. पाळी चुकताच सोनोग्राफीची तारीख ठरवावी, आणि प्रसूती रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

वर उल्लेखिलेल्या रुग्णेस दीड वर्षानंतर पुन्हा दिवस गेले. सहाव्या आठवड्यात गर्भ गर्भाशयाच्या वरील भागात दिसला आणि पूर्वनियोजित सिझेरियनने ती सुखरूप प्रसूत झाली. प्रत्येकीचा शेवट असा होईलच असे नाही. परंतु प्रत्येक गर्भिणीस पूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी विचारणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. त्यास एक मिनिटही लागत नाही.