दीर्घिकांचा नकाशा आणि पुराव्याची कसोटी

ग्रंथालयातील जाडजूड संदर्भग्रंथात छापलेला आकडा आपल्याला सहसा अंतिम वाटतो. 'पुस्तकात दिले आहे' एवढे म्हटले की वर्गातील चर्चा थांबते. परंतु देवयानी दीर्घिकेचे अंतर पाहा. हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ साली चल ताऱ्यांच्या प्रकाशाचा जो नियम मांडला, त्याच्या आधारे एडविन हबल यांनी १९२० च्या दशकात हे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे काढले. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी अशा ताऱ्यांचे दोन प्रकार असल्याचे दाखवून दिले आणि ते अंतर जवळपास दुप्पट झाले. आज ते सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे मानले जाते. यांपैकी कोणीही असत्य लिहिले नव्हते. मग संदर्भग्रंथाची अचूकता ठरवावी तरी कशी?

यासाठी एक नामवंत ग्रंथ समोर ठेवू. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांचा जवळच्या दीर्घिकांचा नकाशासंग्रह १९८७ साली केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्याच्या जोडीची, २,३६७ दीर्घिकांची टली यांची सूची १९८८ साली आली. इतिहासाचा अभ्यासक बखर किंवा पत्र हाती घेताना जे प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारता येतात.

पहिला प्रश्न : हा आकडा मोजलेला आहे की अनुमानित? आकाशातील दिशा थेट मोजता येते. त्यामुळे दीर्घिका कोणत्या दिशेला आहे, याविषयी नकाशावर निश्चिंतपणे विसंबावे. अंतराचे तसे नाही. या सूचीतील बहुतेक अंतरे वेगावरून काढलेली आहेत. विश्व प्रसरण पावत असल्याने दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने दूर जाते. तिचा सेकंदाला किलोमीटरमधील वेग ७५ ने भागला, की मेगापार्सेकमध्ये अंतर मिळते, असे तेथे गृहीत धरले आहे. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे. त्या काळी हा ७५ चा आकडाच वादाचा होता. काही संशोधक ५० मानत, काही १००. आकडा बदलला की नकाशाची घडण तीच राहते, प्रमाणपट्टी मात्र बदलते. म्हणून अंतर वाचण्यापूर्वी गृहीतक वाचावे.

दुसरा प्रश्न : चूक किती असू शकते आणि ती कोठे अधिक बाधते? प्रत्येक दीर्घिकेला शेजारच्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे स्वतःचीही गती असते. ही गती सेकंदाला ३०० किलोमीटर धरली, तर अंतरात चार मेगापार्सेकची चूक होते. सूचीच्या सीमेवर, म्हणजे ३,००० किलोमीटर वेगाच्या दीर्घिकेच्या बाबतीत, ही चूक एक दशांश भरते. ६०० किलोमीटर वेगाच्या दीर्घिकेच्या बाबतीत तीच चूक निम्मी होते. म्हणजे वेगावरून काढलेले अंतर जवळच्या दीर्घिकांनाच अधिक दगा देते. देवयानी तर आपल्याकडेच येत आहे. कन्या समूहातील एम ८६ ही दीर्घिकाही सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते, तरी ती पाच कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. नियम डोळे झाकून लावला, तर तिचे अंतर शून्याहूनही कमी निघेल! सूचीकारांनी तसे केले नाही. कन्या समूहाच्या ओढीचा हिशेब त्यांनी मांडला आणि समूहाच्या सदस्यांना समूहाचेच अंतर दिले. ग्रंथकार आपल्या साधनाची मर्यादा जाणतो की नाही, हे अशा ठिकाणी कळते.

तिसरा प्रश्न : नकाशात काय नाही? आपल्या आकाशगंगेच्या धुळीमागचे आकाश साध्या दुर्बिणींना झाकलेलेच राहते. १९९४ साली नेदरलँड्समधील रेडिओ दुर्बिणीने त्या धुळीआडची ड्विंगलू १ ही सर्पिल दीर्घिका शोधली. त्याच वर्षी धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे, एक खुजी दीर्घिका सापडली. ती तर आपल्या अगदी दाराशी होती. १९८७ च्या ग्रंथात त्या नाहीत, हा ग्रंथकारांचा दोष नव्हे. पण नकाशावरची रिकामी जागा म्हणजे 'येथे काही नाही' असा अर्थ आपण काढला, तर तो आपला दोष ठरेल. ज्यांच्या पूर्वजांची नोंद दप्तरांत आणि बखरींत क्वचितच झाली, त्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये.

चौथा प्रश्न : स्वतंत्र साक्षीदार कोण? याच टली-फिशर यांनी १९७७ साली, सर्पिल दीर्घिका जितक्या वेगाने फिरते तितकी ती तेजस्वी असते, असा संबंध मांडला होता. खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजाशी तुलना करून अंतर काढता येते. ही साक्ष प्रसरणाच्या वेगावर अवलंबून नाही. पुढे अवकाश दुर्बिणींनी जवळच्या दीर्घिकांतील सुटे तारे मोजले आणि आणखी नेमकी साक्ष मिळाली. अशा अनेक साक्षी एकत्र करून टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५६ हजार दीर्घिकांच्या अंतरांचा संग्रह सिद्ध केला आहे. आपल्या जुन्या ग्रंथातील आकडे त्यांनी स्वतःच मागे टाकले. यात त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही, उलट वाढली.

शतकानुशतके 'ग्रंथात लिहिले आहे' एवढ्या एका वाक्यावर आपल्या पूर्वजांचे प्रश्न मिटवले गेले. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले होते. त्याचा अर्थ ग्रंथ फेकून द्या असा नाही. या नकाशासंग्रहाने आपले गृहीतक, आपली पद्धत आणि आपली सीमा वाचकापुढे ठेवली, म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याची तपासणी करता येते. जो ग्रंथ तपासणीची वाट मोकळी ठेवतो, तो चुकला तरी विश्वासास पात्र असतो. आपल्या शाळेतील मुलामुलींनी संदर्भग्रंथ उघडताना आकड्याआधी प्रकाशनाचे वर्ष आणि प्रस्तावना वाचावी. ही सवय लागली, तर ती आकाशाच्या अभ्यासाला पुरेल आणि जमिनीवरच्या जीवनालाही.