शीड आखडायची वेळ

फेब्रुवारीत तू आणि तुझी मैत्रीण 28 फुटी बोट घेऊन मुंबईहून मालवणला निघणार, असं तुझी आई सांगत होती. इथं वाढोण्यात (हिमायतनगरला आम्ही म्हातारे अजून वाढोणाच म्हणतो) शिडाचं बोलायला माणूस मिळत नाही. पैनगंगेत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, तिथं शिडाला कोण विचारतो? नौदलात असताना छोट्या बोटींवर जे हाताला लागलं, ते तुझ्या कानावर घालतो.

रीफ घ्यावा का, म्हणजे शीड आखडावं का, असं मनात आलं की घ्यायचा. मैत्रिणीशी चर्चा नको. शिजवलेली हळद अंगणात वाळत असताना आभाळ भरून आलं, तर पहिल्या थेंबाची वाट आपल्याकडे कोणी बघत नाही, आधी ताडपत्री. वाऱ्याचा हिशेब तर त्याहून वाईट. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. 10 नॉटचा वारा 14 झाला, की दाब दुप्पट. त्यामुळे ‘थोडाच वाढलाय’ हे वाक्य बोटीवर बंद.

तुझ्या बोटीएवढ्या बोटींना साधारण 15-16 नॉटला पहिला रीफ लागतो आणि 20-22 ला दुसरा. पण प्रत्येक बोटीचा स्वभाव निराळा, तेव्हा आकड्यापेक्षा टिलरवर विश्वास ठेव. दोन बोटांनी धरलेला टिलर दोन्ही हातांनी ओढावा लागतोय, बोट हट्टानं वाऱ्याकडे नाक वळवतेय, म्हणजे मेनसेल जास्त झालं. बोट 20-25 अंशांच्या पुढे कलून राहिली, तर ती पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते. तेव्हा रीफ घेऊन वेगाच्या काट्याकडे बघ. बहुतेक वेळा काटा होता तिथंच असतो आणि बोट मात्र सरळ उभी राहते.

आता कोकणातली खरी मेख. त्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, मंद आणि शहाण्यासारखा. मग तो पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारच्या सुमाराला चांगलाच भरतो. तुम्ही दक्षिणेला चाललेल्या, म्हणजे हा वारा तुमच्या उजव्या खांद्यामागून येणार. मागून आलेला वारा फसवा असतो, बाई. खरा वारा 18 नॉट, बोट 6 नॉटनं पुढे पळतेय, तर तोंडाला लागतो 12 च्या आसपास. ऊन कोवळं वाटतं, गाणी सुचतात. तेवढ्यात समोर जाळ्याचे बावटे दिसतात, किंवा टोपी पाण्यात पडते, आणि तू बोट वाऱ्याकडे वळवतेस. त्याच क्षणी 12 चे 22 होतात आणि दाब तिपटीहून जास्त. समुद्र तोच, वारा तोच, फक्त तोंड फिरलं. म्हणून वारा मागून असताना दर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं: आत्ता वळावं लागलं तर एवढं शीड पेलेल का?

दुसरं असं की, दक्षिणेला जाताना जयगड किंवा विजयदुर्गाच्या आत शिरायचं, म्हणजे पूर्वेला वळायचं. मागचा वारा तेव्हा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो आणि बूम डोक्यावरून धाडकन पलीकडे. हे जाइब पुऱ्या शिडानिशी, संध्याकाळच्या वाऱ्यात, खडकांजवळ करू नका. टोकाच्या अलीकडे, मोकळ्या पाण्यात रीफ घ्या, मग वळा. येताना सगळं उलट. वायव्येचा वारा थेट तोंडावर; तेव्हा पहाटेच्या मतलईवर जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापा.

रीफ घ्यायची रीत तुला शिकवली असेलच. तरी क्रम ऐक. जिब ओढती ठेवून बोट वाऱ्याकडे जरा वर आण. मेनशीट आणि व्हँग सोड, शीड फडफडू दे. बूम खाली पडू नये म्हणून टॉपिंग लिफ्ट ताण. मग हॅलियर्ड खुणेपर्यंत खाली. ही खूण रंगीत दोऱ्यानं बंदरातच शिवून ठेव, अंधारात बोटाला लागली पाहिजे. शिडाची पुढची कडी हुकात, हॅलियर्ड कडक, मग मागची रीफची दोरी कडी बूमला टेकेपर्यंत ओढायची. टॉपिंग लिफ्ट ढिली, व्हँग, शीट. उरलेलं लोंबतं शीड बारक्या दोऱ्यांनी सैल बांध. त्यांच्यावर भार आला की शीड तिथंच फाटतं.

बोटीत मोठा जेनोआ असेल तर आधी तो गुंडाळ. टिलर जड झाला असेल तर आधी मेनसेल. जेनोआ गुंडाळणारा फर्लर अडकला तर विंचवर जोर लावण्याआधी मान वर करून डोलकाठीच्या टोकाकडे बघ. बहुतेक वेळा हॅलियर्ड वर गुंडाळला गेलेला असतो.

‘तारिणी’ ही शिडाची बोट माहीत असेल. 2 ऑक्टोबर 2024 ला नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यावरून गोव्यातून निघाल्या आणि 29 मे 2025 ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. दोघींची बोट म्हणजे प्रत्यक्षात एकटीची बोट. दुसरी झोपलेली असते. म्हणून रीफ एकटीला घेता येतो का, हे बंदरातच बघून घ्या, दोघींनीही, आळीपाळीनं. सूर्य मावळायच्या आधी एक रीफ घेऊन ठेवायचा, हवा कितीही गोड असली तरी.

आणि काही वारे रीफच्या पलीकडचे असतात. अभिलाष टॉमी 2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, त्यांच्या ‘थुरिया’ बोटीची डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं उचललं. आपल्या किनाऱ्यावर 2020 च्या 3 जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’. मे उजाडला की बोट बंदरात हवी, तिथं माझं काही ऐकून घेऊ नकोस, हवामान खात्याचं ऐक.

रीफ सोडायची घाई नसते. वारा पडलाय वाटलं की चहा टाक, पिऊन होईपर्यंत थांब. सोडताना आधी त्या बारक्या दोऱ्या, एकूण एक, मोजून. मग मागची दोरी, मग पुढची कडी, आणि हॅलियर्ड सगळ्यात शेवटी.