भंगारातली झाकणाची शेगडी

हैदराबादला गुरुवारी जुमेरात बाजारात किंवा रविवारी एर्रागड्ड्याच्या बाजारात फिरताना जुने पंखे, सायकली आणि नळ यांच्या ढिगात कधी कधी एक काळे गोल भांडे दिसते. खाली तीन पाय, वर घुमटासारखे झाकण आणि झाकणाला भोकांची चकती. पुष्कळांना ते काय आहे हे समजत नाही. कोळशावर मांस, मासे, कणसे भाजण्याची ही झाकणाची शेगडी. इंग्रजी नाव केटल ग्रिल. कोणी हौसेने घेतलेली असते, दोन पावसाळे गच्चीवर भिजते आणि मग वजनावर भंगारात जाते.

अशीच एक आम्ही घेतली व घरीच दुरुस्त केली. त्यात आमच्या हातून दोन चुका झाल्या. एक पैशाची होती. दुसरी जिवावर बेतली असती. त्या आपल्या घरी होऊ नयेत म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

शेगडी चालते कशी?

ही शेगडी १९५२ साली शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी बनविली. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये तयार होत. त्या गोळ्याचे दोन भाग करून एकाचे भांडे व दुसऱ्याचे झाकण त्यांनी केले.

आपली बादलीची शेगडी वरून उघडी असते. तिला हवी तेवढी हवा मिळते आणि कोळसा भराभर जळून जातो. झाकणाच्या शेगडीत हवा खालच्या झरोक्याने आत येते व वरच्या झरोक्याने बाहेर जाते. झरोके उघडले की विस्तव वाढतो, अर्धे लावले की मंद होतो. दोन्ही पूर्ण बंद केले की हळूहळू विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेस कामी येतो. म्हणून दुरुस्ती करताना चकाकीपेक्षा झाकण नीट बसते की नाही आणि झरोके फिरतात की नाहीत, इकडे लक्ष द्यावे.

घेताना काय पाहावे?

भांडे उन्हाकडे धरून आतून पाहावे. उजेड आरपार दिसला तर गंजाने भोके पडली आहेत असे समजावे. गंजलेल्या जागी अंगठ्याने जोर द्यावा. पत्रा आत दबला तर ती शेगडी सोडून द्यावी. वाकडा पाय, जळालेली मूठ, हरवलेली जाळी किंवा तुटलेले चाक हे दोष मोठे नव्हेत. ते सर्व नीट होतात.

चांगल्या शेगडीच्या पत्र्यावर एनॅमल असते. दवाखान्यातल्या पांढऱ्या ट्रेवर असते तसेच. ते काचेच्या जातीचे असल्याने हातोडीने पोचे काढू नयेत. ठोकले की एनॅमलचा टवका उडतो आणि तेथूनच गंज धरतो. पोचा राहिला तरी स्वयंपाकाला बाध येत नाही.

साफसफाई

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटलेले दिसतात. रंग उडाला असे वाटून काही जण त्यावर नवा रंग लावतात. ते पापुद्रे रंगाचे नसून धूर व चरबी जळून बसलेल्या काजळीचे असतात. नारळाच्या करवंटीच्या कडेने किंवा लाकडी पट्टीने ते खरवडावेत. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून काथ्याने घासावे. हातात रबरी मोजे घालावेत.

येथे आमची पहिली चूक झाली. राख पडण्याची ताटली आणि झरोक्याची चकती आम्ही त्याच सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली. ती ॲल्युमिनियमची होती. सोडा ॲल्युमिनियम खातो. सकाळी दोन्ही वस्तू काळवंडून खरबरीत झालेल्या दिसल्या आणि चकती नवी करावी लागली. ॲल्युमिनियमचे भाग साध्या साबणाने धुवावेत.

लोखंडी जाळ्या चिंचेच्या कोळात किंवा सिरक्यात रात्रभर बुडवाव्यात. आंबट पदार्थाने गंज सुटतो. दुसऱ्या दिवशी घासून, धुऊन लगेच उन्हात वाळवाव्यात व तेलाचा हात फिरवावा. अधिक दिवस ठेवल्यास आम्ल चांगले लोखंडही खाते. या कामात ब्लीचिंग पावडर मुळीच वापरू नये. आंबटाशी ती मिसळली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. तारेचा ब्रशही टाळावा. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि घासाबरोबर घशात किंवा आतड्यात रुतते.

अडकलेल्या झरोक्यावर तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे व सकाळी लाकडाने हलकेच ठोकावे.

जाळी, मूठ आणि रंग

जाळ्या दोन असतात. खालची कोळशाची, वरची अन्नाची. नवी करायची झाल्यास आठ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी सळईची वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी. कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घालू नये. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि फुललेला कोळसा त्याहून पुष्कळ तापतो. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. शिवाय आपल्याकडे मांसाला दही व लिंबू लावतात. त्या आंबटाने जस्त अन्नात उतरते. जुन्या फ्रीजची जाळीही वापरू नये. तिच्यावर कधी कधी कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असतो.

मूठ बाभळीची करावी. कुऱ्हाडीला दांडा घालणाऱ्याला ते शिकवायला नको. मूठ आणि झाकण यांच्यामध्ये वायसर घालून थोडी फट ठेवावी, म्हणजे लाकूड जळत नाही.

आतून कोणताही रंग लावू नये. बाहेरून पायांना लावायचा असेल तर मोटारसायकलच्या सायलेन्सरला लावतात तो उष्णता सोसणारा रंग घ्यावा. पूर्वी कोणी त्यावर ऑइल पेंट फासला असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार घातक असते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू झाला.

पहिला विस्तव

जाळ्यांना शेंगदाण्याचे तेल पातळ लावावे, कोळसा पेटवावा आणि झरोके उघडे ठेवून तासभर शेगडी रिकामीच तापवावी. कोळसा लाकडाचाच हवा. वेड्या बाभळीचा, म्हणजे तेलंगणात जिला सरकारी तुम्मा म्हणतात तिचा, कोळसा चांगला टिकतो. सिंगरेणीचा दगडी कोळसा अन्नाखाली घालू नये. त्यातील गंधकाचा धूर अन्नाला व छातीला वाईट. पेटविण्यासाठी रॉकेल नको. दाणे काढलेली वाळकी मक्याची कणसे किंवा नारळाच्या शेंड्या पुरतात. कोळशावर करडी राख धरली की भाजायला घ्यावे.

जिवाची गोष्ट

आता आमची दुसरी चूक. एका संध्याकाळी भाजणे चालू असताना पाऊस आला. आम्ही शेगडी उचलून खोलीत आणली. खिडकी थोडी उघडी होती. धूर नव्हता, वासही नव्हता. अर्ध्या तासात घरातल्या सर्वांचे डोके दुखू लागले, एकाला मळमळले. मांसच बाधले असे आम्हांला वाटले. धाकटा मुलगा जेवता जेवता पेंगू लागला तेव्हा घरच्या आजी म्हणाल्या, “आधी सगळे बाहेर चला.” पावसात उभे राहिल्यावर हळूहळू बरे वाटले.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. झाकण व झरोके लावले तरी आत कोळसा धुमसतच असतो. म्हणून ही शेगडी अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच पेटवावी. पाऊस आला तर भिजू द्यावी. डिसेंबरच्या थंडीत कोळशाची कोणतीही शेगडी उबेसाठी खोलीत, गोठ्यातल्या माणसाजवळ किंवा राखणदाराच्या बंद खोपीत ठेवू नये.

अशा खोलीत कोणी गुंगलेले दिसले तर दारे उघडावीत, त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली.

राखेचा उपयोग

राख दोन पूर्ण दिवस थंड होऊ द्यावी. तिच्या पोटात निखारा लपलेला असतो. घाईने उकिरड्यावर टाकलेल्या राखेने शेजारची कडब्याची गंजी पेटू शकते. थंड झालेल्या लाकडी कोळशाच्या राखेत पालाश व चुना असतो. तांबड्या हलक्या चलका जमिनीत भाजीच्या वाफ्याला ती मूठभर द्यावी. काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर असतो, तेथे देऊ नये. युरियाबरोबर तर मुळीच मिसळू नये. त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

एक सुट्टीचा दिवस, थोडी चिंच, थोडा सोडा आणि एक सळई, एवढ्यावर भंगारातली वस्तू पुढे कैक वर्षे घरी चालेल. मात्र तिची जागा उंबऱ्याबाहेर आहे, हे घरातल्या लहानथोरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.