नगरवासी शिक्रा

बेंगळुरूतील लालबाग, कब्बन पार्क यांसारख्या उद्यानांत शिक्रा हा लहान शिकारी पक्षी आढळतो. आकाराने साधारण कबुतराएवढा असलेला हा पक्षी आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांत पसरलेला आहे. त्याची पाठ राखाडी असून छातीवर तांबूस आडव्या रेषा असतात. मादी नरापेक्षा मोठी असते. दाट पानांत निश्चल बसून तो सरडे, उंदीर, टोळ व लहान पक्षी यांवर अचानक झेप घेतो. एकाच भक्ष्यावर अवलंबून नसल्यामुळे वन, शेत आणि नगर या तिन्ही ठिकाणी तो जगू शकतो. परंतु भक्ष्य बदलता आले, तरी झाडाला पर्याय नाही. त्याचे काटक्यांचे घरटे उंच झाडावरच असते. म्हणून रस्ता रुंद करताना जुना वृक्ष तोडला, की शिक्र्याचे नगरातील वास्तव्यही धोक्यात येते.