सात हजार बेटांचा देश

मंडळी, आजच्या धड्यात आपण एका दूरच्या देशाची माहिती वाचणार आहोत. त्या देशाचे नाव फिलिपिन्स. तिथल्या लोकांना फिलिपिनो म्हणतात. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्या देशाशी आपल्याला काय करायचंय?" सांगतो. त्या लोकांच्या दोन गोष्टी अशा आहेत, की नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाने त्या जरूर वाचाव्यात. पण आधी देश पाहू, माणसे पाहू.

देश कुठे आहे?

आपल्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. तो ओलांडला की म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम हे देश लागतात. त्यापुढे पुन्हा समुद्र. त्या समुद्रापलीकडे फिलिपिन्स. सूर्य त्यांच्याकडे आधी उगवतो. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा तिथे साडेआठ वाजलेले असतात.

हा सगळा देश बेटांचा आहे. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत होतो, तेव्हा मुलांकडून ७,१०७ बेटे असे पाठ करून घेत होतो. पुढे नवे नकाशे तयार झाले, पुन्हा मोजणी झाली. २०१६ साली आकडा निघाला ७,६४१. पुष्कळ बेटे अगदी लहान आहेत. त्यांवर कोणी राहत नाही.

सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली, तर ती जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढी भरेल. २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या होती सुमारे १० कोटी ९० लाख. उत्तरेला लुझॉन हे सर्वांत मोठे बेट. राजधानी मनिला याच बेटावर आहे. दक्षिणेला मिंडानाओ हे दुसरे मोठे बेट. मधल्या बेटांच्या घोळक्याला व्हिसायस म्हणतात.

जमीन सुपीक, पण धोक्याची. तिथे जागे ज्वालामुखी आहेत. भूकंप होतात. पॅसिफिक महासागरावरून दरसाल पंधरा-वीस वादळे येतात. तरी माणसे कष्टाने राहतात. भात पिकवतात, नारळ, केळी, ऊस लावतात, मासे धरतात. भात आणि मासे हेच रोजचे जेवण. आपल्या कोकणातल्या माणसाला तिथे उपाशी राहावे लागणार नाही बरं का!

लुझॉनच्या डोंगरात इफुगाव नावाचे लोक राहतात. त्यांनी उभे डोंगर उतार खोदून पायऱ्यांसारखी भाताची खाचरे केली आहेत. रानातले पाणी पाटाने वरच्या खाचरात येते, तिथून खालच्या, तिथून आणखी खालच्या. ही खाचरे पाहायला जगभरचे लोक येतात.

माणसे कोण कोण?

समुद्राने माणसे वेगळी ठेवली, तशी त्यांची नावेही पाण्यावरून पडली. मनिलाच्या आसपासचे लोक टागालोग, म्हणजे नदीकाठचे. मिंडानाओ बेटावर एका मोठ्या तळ्याकाठी मारानाव राहतात. नावाचा अर्थ तळ्याचे लोक. त्याहून दक्षिणेला सुलू बेटांवर ताउसुग, म्हणजे समुद्राच्या प्रवाहाचे लोक.

मधल्या बेटांवर बिसाया लोक आहेत. लुझॉनच्या उत्तरेला इलोकानो. डोंगरात राहणाऱ्यांना इगोरोत म्हणतात. इफुगाव त्यांच्यातलेच. मिंडानाओच्या रानात मनोबो, टिबोली वगैरे जमाती आहेत. त्यांना मिळून लुमाद, म्हणजे मूळचे लोक, असे म्हणतात. आणि फार जुने रहिवासी म्हणजे आएता. काळे, ठेंगणे, कुरळ्या केसांचे हे लोक रानात शिकार करून राहत आले.

धर्माने बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. स्पेन देशाने १५६५ साली तिथे ठाणे दिले आणि तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले. देशाचे नावही स्पेनचा राजा फिलिप याच्यावरून पडले. दक्षिणेचे मारानाव, ताउसुग वगैरे लोक मात्र मुसलमान आहेत. १८९८ साली स्पेन गेला, अमेरिका आली. दुसऱ्या महायुद्धात जपान आला. शेवटी ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला.

गावाला तिथे बारांगाय म्हणतात. तो शब्द होडीच्या नावावरून आला आहे. होडीतून येऊन वस्ती केली, म्हणून गावही होडीच. होडीतल्या माणसांनी एकमेकांना सांभाळायचे असते.

भाषा किती?

शंभराहून कितीतरी जास्त! टागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, बिकोल, वाराय या मोठ्या भाषा. पाण्याला टागालोग माणूस 'तुबिग' म्हणतो, तर इलोकानो माणूस 'दानुम' म्हणतो. पण सगळ्या भाषा एकाच घराण्यातल्या. त्यांचे भाऊबंद मलाया, हवाई आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटापर्यंत पसरले आहेत. होड्या हाकणाऱ्या लोकांनी त्या नेल्या.

या लोकांनी भाताला किती शब्द ठेवले आहेत पाहा. टागालोग भाषेत शेतातले भात 'पालाय', तांदूळ 'बिगास' आणि शिजलेला भात 'कानिन'. ज्याचे ज्यावर पोट, त्याचे शब्द त्याच्यापाशी जास्त.

आणखी गंमत ऐका. शिक्षकाला टागालोग भाषेत 'गुरो' म्हणतात. चेहऱ्याला 'मुखा'. आशेला 'आसा'. ओळखलेत ना? हे शब्द संस्कृतातले आहेत. मलाया आणि जावा बेटांकडच्या लोकांबरोबर ते तिथे पोचले.

तांब्याचा पत्रा

आता पहिली गोष्ट. १९८९ साली लुझॉन बेटावर लागुना प्रांतात नदीची वाळू उपसताना एका माणसाला तांब्याचा पत्रा सापडला. वहीच्या मोठ्या पानाएवढा. त्यावर अक्षरे कोरलेली होती. जाणकारांनी ती वाचली. त्यावर तारीख होती: शके ८२२, वैशाख महिना, वद्य चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगात आजही हाच शक चालतो.

आणि पत्र्यावर काय होते? राजाची स्तुती? नाही. नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज माफ झाले, अशी ती पावती होती. त्याच्या मुलाबाळांवर आता कसलाही बोजा राहिला नाही, असे लिहून ती मुलांच्या हाती दिली होती. पुढे कोणी कर्ज बाकी आहे असे म्हणाला, तर... इथे वाक्य अर्धेच राहिले आहे. पण मतलब कळतो. सातबाऱ्यावरचा बोजा कमी झाल्याची नोंद हाती आली की शेतकऱ्याला जे वाटते, तेच त्या मुलांना वाटले असेल. नामवरान गेला, मुले गेली. अकराशे वर्षांनी आज तो पत्रा मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एक शब्द कळला नाही

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. ताक्लोबान हे व्हिसायसमधले शहर. तिथे वाराय भाषा बोलतात. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी तिथे भयंकर वादळ आले. सरकारने आधी सूचना दिली होती. पण सूचनेत इंग्रजी शब्द होते: 'स्टॉर्म सर्ज'. म्हणजे वादळ समुद्राचे पाणी ढकलून किनाऱ्यावर चढवते ते. पुष्कळांना हा शब्द कळलाच नाही. त्यांना वाटले, नेहमीसारखा वारा, नेहमीसारखा पाऊस. ते घरातच राहिले. तीन पुरुष उंचीचे पाणी शहरात शिरले. वादळात सहा हजारांवर माणसे गेली. "त्सुनामी म्हटले असते, तरी आम्ही पळालो असतो," असे वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी सांगितले.

याउलट १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. तेव्हा शास्त्रज्ञांनी लोकांना चित्रफीत दाखवून धोका समजावला होता. तेव्हाही काहीशे माणसे गेली. पण हजारो लोक वेळीच दूर गेले आणि वाचले.

देशाची राष्ट्रभाषा फिलिपिनो आहे. ती टागालोगवर बेतलेली आहे. कारभारात फिलिपिनो आणि इंग्रजी दोन्ही चालतात. खालच्या वर्गांत मुलांना घरच्या भाषेतून शिकवावे, असा कायदा २०१३ साली झाला. २०२४ साली ती सक्ती काढली. पुस्तके आणि शिक्षक पुरत नाहीत, असे काही म्हणाले. घरची भाषा सोडू नका, असे दुसरे म्हणाले. वाद अजून मिटलेला नाही.

आमचे म्हणणे एवढेच. सर्व देशाला जोडणारी भाषा हवी. पण पाणी दारात येत असताना सांगायची गोष्ट माणसाला कळेल त्याच बोलीत सांगितली पाहिजे. आणि न कळलेला शब्द विचारायची लाज आपणही धरू नये. सूचना आली, कागद आला, की "याचा अर्थ काय हो?" असे खुशाल विचारावे. नामवरानच्या मुलांनी आपला पत्रा असाच कोणाकडून तरी नीट समजून घेतला असेल.

प्रश्न

१. फिलिपिन्समध्ये किती बेटे आहेत? सर्वांत मोठे बेट कोणते?
२. मारानाव आणि ताउसुग या नावांचे अर्थ सांगा.
३. टागालोग भाषेतले तीन ओळखीचे शब्द लिहा.
४. तांब्याच्या पत्र्यावर काय लिहिले होते?
५. ताक्लोबानच्या लोकांना सूचना का कळली नाही?
६. तुमच्या घरी आलेला एखादा सरकारी कागद वाचा. न कळलेले शब्द वहीत उतरवा आणि वर्गात विचारा.